बायकांच्या बाजूचा खांब

पिंपळगाव राजा
ता. १७ फेब्रुवारी १९६३, रविवार

चावी काऊन नेलीस? माणूस गाव सोडून जातो तेव्हा आपली चप्पल नेतो, छत्री नेतो, बायको-लेकरू नेतो. तू मंडळीच्या पेटीची चावी खिशात घालून गेलास. ती पेटी तुझ्या बापानं करून दिली नव्हती. मंडळीची होती. पाळक गेला तरी मंडळी इथंच आहे, हे तुले एस.टी.त बसताना आठवलं नाही काय?

आता सलाम. चिरंजीव चिंतामण, मुक्काम दुसरबीड, सासऱ्याचं दुकान, यास आई सोजराबाई हिचा प्रभूमध्ये सलाम. सूनबाई प्रेमलाले सलाम. प्रतिमाले म्हणावं, आजीनं विचारलं, पाढे कुठवर आले.

आज आपल्या प्रार्थनाघरात काय झालं ते ऐक. गाणं झालं, शास्त्र वाचून झालं. माणिकराव पंच पुढे उभे राहिले अन् म्हणाले, "आता सगळे मिळून प्रार्थना करू." सगळे मिळून म्हणजे आपल्याकडे काय, ते तुले मी सांगायले नको. डोळे मिटायचे अन् सगळ्यांनी एकदम, मोठ्यानं, आपापलं देवाले सांगायचं. पन्नास तोंडं एकदम चालतात. शेजारणीचं शेजारणीले ऐकू येत नाही. त्या गोंगाटाच्या आडोशानं माणूस बोलून मोकळा होतो. माझ्या सासूच्या काळापासून हीच रीत. तर आज माणिकरावांनी डोळे मिटले, आम्ही मिटले, अन् कोणाचंच तोंड उघडलं नाही. वळचणीत एक चिमणी चिवचिवत होती, तेवढीच काय ती प्रार्थना. माणिकराव दोन वेळा खाकरले अन् आमेन म्हणाले. पाच रविवार झाले, हेच चालू आहे.

अन् हे कशानं झालं, ते तुले माहीत आहे. तरी लिहिते, कारण दुकानात बसून माणूस विसरतो.

तुले पाच गावं अन् एक सायकल. खामगावच्या मिशन कमिटीनं ती आवाज धरणारी पेटी दिली, तेव्हा तू म्हणालास, "आई, आता माझा उपदेश माझ्याआधी गावात पोचेल." अक्कल वाईट नव्हती. नदीपलीकडे वडगावात खाटेवर पडलेल्या तुळशीराम म्हाताऱ्यानं आपल्या मंडळीचं गाणं ऐकलं अन् उशी पाठीशी घेऊन बसला, हे मले मान्य आहे. पण पेटी कधी चालू ठेवायची, कोणाचा आवाज धरायचा, कोणाले ऐकवायचा, हे पंचांले विचारलंस काय? माणिकरावांनी एकदा तोंड उघडलं तर म्हणालास, "तुम्हाले यंत्रातलं काय कळते?" नाही कळत बाबा. माणसातलं कळते.

दहा जानेवारीले, प्रार्थना-सप्ताहात, सकाळी कापसाच्या वेचणीले जायच्या आधी आपण जमलो. गाणं संपलं, प्रार्थना सुरू झाली, तरी पेटी चालूच राहिली. माइक बायकांच्या बाजूच्या खांबापाशी होता, अन् त्या खांबाले टेकून कलाबाई बसते. फितीनं पन्नास जणांचा गोंगाट मागं टाकला अन् एकट्या कलाबाईचं बोलणं उचललं. तू घाईत होतास. ती फितीची चक्री न ऐकताच तू रविवारी पेटीसकट वडगावले पाठवलीस. वडगाव म्हणजे कलाबाईचं सासर.

फितीवर आलं ते हे: नवऱ्यानं शेवटच्या दिवशी पाणी मागितलं होतं अन् तिनं दिलं नाही. आदल्या दिवशी त्यानं गडवा फेकून तिचं कपाळ फोडलं होतं, म्हणून रागानं दिलं नाही. अन् दिवस मावळायच्या आत तो गेला. बारा वर्षं ती हे फक्त देवाले सांगत होती. तिच्या सासूनं, रुखमाबाईनं, ते वडगावात चाळीस माणसांत बसून ऐकलं.

पेटी परत आली त्या दिवशी तू खोलीचं दार लावून बसलास. बाहेर आलास तो पेटीले कुलूप घालूनच. ती चक्री अजून आत आहे. खामगावचं पत्र आलं आहे, एकतीस मार्चले कमिटीचे नारायणराव येतील अन् पाळक नसलेल्या मंडळीतून पेटी परत नेतील. चक्रीसुद्धा. मग खामगावात खुर्च्यांवर बसून लोक कलाबाईचं ऐकतील.

चावी पाठव. तुझं तोंड नको असेल पाठवायचं तर नको पाठवू.

तुझी आई
सोजराबाई

*

पिंपळगाव राजा
ता. ३ मार्च १९६३, रविवार

मी पत्र तुले लिहिलं अन् कार्ड प्रेमलाचं आलं. "हे कोणाशी बोलत नाहीत, जेवण कमी झालं आहे, आपण काळजी करू नये, बाकी सर्व खुशाल." जेवण कमी झालं म्हणते अन् खुशाल म्हणते. सूनबाईचं अक्षर मोत्यासारखं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी अक्षरं शेळीच्या लेंड्यांसारखी, मिशनच्या मॅडमनं चाळिसाव्या वर्षी शिकवलेली. पण मी माझ्या हातानं लिहिते. तुझा हात काय दुकानाच्या गजात धरून ठेवला आहे? कापड मोजायले चालतो अन् आईले चार ओळी लिहायले चालत नाही?

सलाम सगळ्यांले.

बुधवारी माणिकराव पहार घेऊन आले. म्हणाले, "माय, बाजूले व्हा. कुलूप तोडतो, चक्री काढतो, चुलीत घालतो. प्रश्न मिटला." मी पेटीवर जाऊन बसली.

"माय, उठा."

"नाही उठत."

"अहो, तुमच्या वजनानं मशीन मोडेल."

"मोडलं तर तुमची पहार वाचली."

ते हसले नाहीत. मीही नाही. मी म्हटलं, "माणिकराव, एका माणसानं कोणाले न विचारता ती चक्री पाठवली, म्हणून हे सगळं झालं. आता दुसऱ्या एका माणसानं कोणाले न विचारता जाळायची? जिचा आवाज आहे तिले विचारलं काय?" ते पहार खांद्यावर टाकून गेले. जाताना म्हणाले, "पाळकसाहेबांचा जीव तुमच्यातच अडकला आहे." काय अर्थानं म्हणाले, मी विचारलं नाही.

कलाबाई आत येत नाही. तिच्या घरी स्वयंपाकाच्या वेळी मंडळीसाठी मूठभर जवारी काढून ठेवायची रीत तिनं सोडली नाही. शनिवारी येते, फडक्यातली जवारी पायरीवर ठेवते, अन् मागं फिरते. आत रांजण आहे, त्यात ओतायची, एवढं चार पावलांचं काम. पण पायरी चढत नाही. काल मी दारात उभी होती. म्हटलं, "कलाबाई, आत ये." ती म्हणाली, "सोजरामाय, आत गेल्यावर तोंड उघडावं लागते." अन् गेली. जवारी मी रांजणात ओतली. मुंग्या लागल्या होत्या.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं आहे. लिहिते. वीस जानेवारीच्या पंचांच्या बैठकीत माणिकरावांनी विचारलं होतं, "माइक तर पुरुषांच्या पुढे, पाळकाच्या चौरंगावर असतो. बायकांच्या बाजूले कोणी नेला?" तू म्हणालास, "मी." एवढंच. मी दाराशी बसली होती. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मग माणिकराव म्हणाले, "देवाच्या घरात बायांचं चोरून ऐकता? हे पाळकाचं काम आहे काय?" तरी तू काही बोलला नाहीस. दोन दिवसांनी बोचकं बांधलंस.

पुढचं आज लिहीत नाही. दिव्यातलं तेल संपत आलं आहे असं लिहिणार होती, पण दुपार आहे.

चावी पाठव.

सोजराबाई

*

पिंपळगाव राजा
ता. १४ मार्च १९६३, गुरुवार

तू मले आधी काऊन नाही सांगितलं? मी तुले चावीचोर म्हटलं, अन् तू ऐकून घेतलंस. माणसानं आईपुढे इतकं मुकं होऊ नये. मुक्या माणसाले लोक वाटेल ते चिकटवतात. मीही चिकटवलं.

काल वडगावले जाऊन आली. पायी गेली. नदीत पाणी घोट्याएवढं आहे. रुखमाबाई अंगणात डाळ पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी बसली. तुळशीरामची खाट ओसरीत होती. तो म्हणाला, "चिंतामण कुठं आहे? ते गाणं परत आण म्हणावं." मी त्याची उशी नीट केली.

मी रुखमाबाईले म्हटलं, "बाई, जे ऐकलं ते तुमच्यासाठी नव्हतं. वाऱ्यानं उडून आलेलं दुसऱ्याचं लुगडं समजा. घडी करून ठेवा, अंगावर नेसू नका."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "लेक माझा होता, सोजरा. पाणी मागत गेला. मी त्या दिवशी खामगावले होती. बारा वर्षं सून म्हणत होती, झोपेतच गेले. अन् तू मले लुगड्याची घडी शिकवतेस?"

सुपातला खडा वेचत ती म्हणाली, "अन् तो कसा होता तेही मले माहीत आहे. तिच्या कपाळावर खोक मी पाहिली होती. मीही विचारलं नाही, कशानं पडली." मग परत सूप उचललं.

उठताना मी म्हटलं, "माझ्या चिंतामणची चूक झाली." तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं जत्रेतल्या खोटं तोलणाऱ्याकडे पाहतात. म्हणाली, "तुझाच आवाज आहे की फितीवर."

मी म्हटलं, "कोणाचा?"

"तुझा. प्रार्थनेच्या आधी. 'सरका गं पोट्ट्यांनो, हे इकडे ठेवते. वडगावच्या बायांले कळू दे, आम्हीही गातो.' अख्ख्या वडगावनं ऐकलं. आम्ही हसलोसुद्धा. मग प्रार्थना सुरू झाली अन् हसणं गेलं. तुझ्या लेकानं दोष अंगावर घेतला हे मागून कळलं. म्हटलं, तो घेतो तर घेऊ दे. मी काऊन खोटं पाडू?"

नदी उतरताना मी मधल्या दगडावर बसली. तिथं मले समजलं, तू दार लावून काय ऐकलंस, कुलूप काऊन घातलंस, अन् चावी काऊन नेलीस. तुले कलाबाईचा आवाज झाकायचा होताच. पण माझाही झाकायचा होता.

तर आता मी लिहिते. माइक मी नेला. तू चौरंगावर ठेवलास तेव्हा फितीवर नुसती पुरुषांची गाणी यायची. बायका तीस, पुरुष वीस, अन् वडगावले वाटायचं पिंपळगावात बायका मेल्या काय. मले राग होता. तुम्ही पंच पुरुष, पेटी धरणारे पुरुष, ऐकवणारे पुरुष. म्हणून गाणं चालू असताना, तू डोळे मिटून टाळ वाजवत होतास तेव्हा, मी माइक उचलला, वायर ओढली, अन् खांबापाशी ठेवला. त्याबद्दल मले आजही वाईट वाटत नाही. विचारून ठेवला असता तर तोच बरोबर होता.

वाईट पुढचं आहे. गाणं संपल्यावर पेटी बंद करायचं काम तुझं होतं, तू विसरलास. तू गुडघ्यावर, पेटीकडे पाठ. पण पेटीवरचा हिरवा दिवा मले दिसत होता. मी डोळे मिटायच्या आधी पाहिला. मले माहीत होतं, हिरवा म्हणजे चालू. मी म्हटलं, राहू दे. वडगावले कळू दे आपण प्रार्थना कशी करतो. अन् मिटले डोळे. माझ्या डाव्या हाताले कलाबाई होती. हात लांब केला असता तर माइकवर पदर टाकता आला असता.

चिंतामण, तुझ्यासारखा शिकलेला माणूस त्या पेटीले हात आहेत असं समजत होता. तिले नुसते कान आहेत. कोणाचं ऐकावं, कोणाचं ऐकू नये, कुठं तोंड फिरवावं, हे आपल्याले एकमेकांत राहून समजते. ते तिले शिकवायचं काम सगळ्यांचं होतं. तू एकट्यानं केलंस, मी एकटीनं केलं. दोघांनी एकमेकांपासून लपून केलं.

अन् तू पंचांपुढे खोटं बोललास. माझ्यासाठी बोललास म्हणून ते खरं होत नाही. तुले वेदीपुढे उभं राहवत नाही ते त्यामुळं, दुकानाच्या आवडीमुळं नाही. मी ओठ शिवून बसली म्हणून तुले गाव सोडावं लागलं. हे मी तुले तोंडावर सांगितलं असतं, पण तोंड तू दुसरबीडले नेलंस.

चावी पाठव. या वेळी भीक मागते असं समज. तुले वाटेल, आई चक्री काढून गुपचूप नदीत टाकेल. नाही टाकणार.

सोजराबाई

*

पिंपळगाव राजा
ता. १ एप्रिल १९६३, सोमवार

रजिस्टर आलं त्या दिवशी पोस्टमननं विचारलं, "माय, आत काय आहे, वाजते." मी म्हटलं, "माझं हाड." अंगठा द्या म्हणाला. मी सही केली, पूर्ण नाव. तोही पाहत राहिला.

पाकिटात चावी अन् एक कागद. मी कागद उलटसुलट केला, तुझी ओळ शोधली. प्रतिमाच्या वहीचं पान होतं, सतराचा पाढा. माणिकराव म्हणाले, सतरा आठे चुकलं आहे. तू निदान ते तरी तपासायचं.

पेटी मी उघडली नाही. चावी गळ्यात बांधली अन् रविवारपर्यंत तशीच ठेवली. शुक्रवारी कलाबाईकडे गेली. म्हटलं, "चावी आली. चक्रीत तुझा आवाज आहे. जाळायची, पुरायची, की काय करायचं, तू सांग. माणिकराव सांगणार नाहीत, मी सांगणार नाही." ती भाकर थापत होती. थापतच राहिली. तव्यावर टाकली तेव्हा म्हणाली, "अन् तुमचा आवाज?" म्हणजे तिलेही माहीत होतं. वडगावहून तिची नणंद येऊन सगळं सांगून गेली होती, माझंही. अडीच महिने ती जवारी पायरीवर ठेवून मले पाहत होती, अन् मी तिले आत ये आत ये म्हणत होती.

मी म्हटलं, "तो मीच सांगते रविवारी."

काल रविवारी बरेच जण आले. रुखमाबाई वडगावहून बैलगाडीनं आली, सोबत तिकडचे सहा-सात जण. नारायणराव कमिटीची जीप घेऊन आले, सोबत पेटी न्यायले एक दोर. माणिकरावांनी पेटीची बॅटरी खामगावहून भरून आणली होती, एस.टी.त मांडीवर घेऊन. धोतर जळलं तेजाबानं. कलाबाई पायरीपाशी उभी. मी हाताले धरलं नाही. मी आत जाऊन पुढे उभी राहिली, जिथं तू उभा राहायचास. बायका कुजबुजल्या.

मी चार वाक्यं बोलली. माइक मी नेला. दिवा चालू होता, मी पाहिला, गप्प बसली. पंचांनी विचारलं तेव्हा माझा लेक खोटं बोलला, अन् मी दाराशी बसून त्याले बोलू दिलं. कलाबाईचं झाकण मी काढलं. पाचवं वाक्य नव्हतं.

माणिकराव उभे राहिले. म्हणाले, "माय, तुम्ही लेकाले वाचवून राह्यल्या."

आता सांग, काय करावं? खोटं बोलला तेव्हा तुझ्यावर विश्वास, खरं बोलली तर माझ्यावर नाही. मी म्हटलं, "पेटीत आहे. ऐका." मग कोणीच पेटीकडे हात नेईना. कारण तिच्यात आणखी काय आहे ते सगळ्यांले माहीत.

तेव्हा कलाबाई पायरी चढली. सरळ पेटीपाशी आली अन् नारायणरावांले म्हणाली, "साहेब, बंद करायचं बटण कोणतं?" त्यांनी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. मी गळ्यातली चावी काढली, माणिकरावांनी कुलूप उघडलं, नारायणरावांनी चक्री चढवली. टाळ ऐकू आले, तुझं गाणं ऐकू आलं, मग वायर घासल्याचा आवाज, अन् मी. "सरका गं पोट्ट्यांनो." माझा आवाज इतका कर्कश आहे हे मले सत्तरीत समजलं. पोट्ट्या हसल्या. गाणं संपलं, कोणी खोकलं, अन् कलाबाईनं बटण दाबलं. तिच्या पहिल्या शब्दाच्या आधी. तिचं बोट पांढरं पडलं होतं.

नारायणराव चांगला माणूस आहे. विचारलं, "पुढे काय आहे या फितीवर? मले कमिटीत सांगावं लागेल." माणिकराव म्हणाले, "पुढे आमची प्रार्थना आहे. ती तुमच्यासाठी नाही, साहेब." नारायणरावांनी मान हलवली. सांगितलं, फीत जाळायची गरज नाही. लाल बटण अन् चालू बटण एकदम दाबून तिच्यावर नवीन गायलं, की खालचं पुसून जाते, कोणालेच परत ऐकू येत नाही. मी दोन वेळा विचारलं, "कोणालेच?" ते म्हणाले, "कोणालेच." मग ते बाहेर जाऊन जीपपाशी उभे राहिले.

बटणं कलाबाईनं दाबली. माइक पंचांनी विचारून ठेवला, मधोमध. आम्ही गायलो. पुरुषांनी, बायकांनी, वडगावच्यांनी. चक्री संपेपर्यंत गायलो, येत होतं तेवढं सगळं, काही तर दोन वेळा. रुखमाबाईचा आवाज फाटला. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "कले, पाणी आण." कलाबाईनं पाण्याच्या माठातून गडवा भरला. आणताना अर्धं लुगड्यावर सांडलं. रुखमाबाई प्याली, अन् उरलेलं तिच्या हातात दिलं. दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. अजूनही बोललेल्या नाहीत. त्या दोघींचं त्या पाहतील.

मग पंच बसले, सगळ्यांसमोर. पेटी इथंच राहील असं नारायणरावांनी कबूल केलं, पण मंडळीनं मिळून जबाबदारी घ्यायची. असं ठरलं. पेटीले दोन कुलपं. एक चावी माणिकरावांकडे, एक कलाबाईकडे. दोघं असल्याशिवाय उघडायची नाही. गाणं, शास्त्र, उपदेश धरायचा. ज्याचा आवाज त्याले आधी ऐकवायचा, मगच दुसऱ्या गावाले पाठवायचा. प्रार्थनेच्या वेळी पेटी बंद करून बाहेर पायरीवर, सगळ्यांले दिसेल अशी. पाळकाकडे चावी नाही. पाळकाले लागली तर पाळकानं मागायची. ही नवीन चक्री पुढच्या रविवारी वडगावले जाईल, तुळशीरामच्या खाटेपाशी आधी.

शेवटी माणिकराव म्हणाले, "सगळे मिळून प्रार्थना करू." पेटी बाहेर होती. डोळे मिटले. परत तेच, सगळे गप्प. मी म्हटलं, संपलं, हे गेलं ते गेलंच. मग खांबापाशी कलाबाई सुरू झाली. हळू नाही, मोठ्यानं. एकटीच बोलत होती, अन् शब्द ऐकू यायले लागले होते. चिंतामण, मी आयुष्यात इतक्या घाईनं तोंड उघडलं नाही. काय बोलली ते मलेही माहीत नाही. माणिकराव बोलले, रुखमाबाई बोलली, पोट्ट्या बोलल्या, सगळे ओरडले म्हण ना, तिच्यावर आवाज घालायले. दोन पळांत तिचं काही ऐकू येईना. जीपवाला म्हणे दचकून आत पाहायले आला.

आता तुझं. तुझ्या खोट्याचं माझ्याकडून जे सांगायचं ते मी सांगितलं. तुझं तू माणिकरावांपुढे सांगशील. पण चक्री न ऐकता पाठवली, ते तुझं एकट्याचं आहे. ते मी माझ्या वाट्यात घेतलेलं नाही अन् घेणार नाही. मंडळीनं तुले परत बोलवावं की नाही, हे पंच ठरवतील, तू आल्यावर. मी त्यात तोंड घालणार नाही, अन् माझं तोंड किती कर्कश आहे ते सगळ्यांनी ऐकलं आहे.

या पत्राचं उत्तर मले नको. कलाबाईले लिही. तिले वाचता येत नाही. मी वाचून दाखवणार नाही, माणिकरावांलेही तशी ताकीद दिली आहे, पोस्टमनलेही. प्रेमलाचं कार्ड आलं तर जसंच्या तसं परत दुसरबीडले जाईल. ज्यानं लिहिलं त्यानंच तिच्या दारात उभं राहून वाचायचं. एस.टी. सकाळची धर. प्रतिमाले आण, सतरा आठे मी घेते.

उत्तर तूच द्यायचं.

सोजराबाई